आम्ही आणि आपण : लखनौतील मराठी मुलांचा प्रश्न

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांविषयी मराठीत कमी लिहिले गेले आहे असे म्हणता येणार नाही. तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, काशी ही नावे उच्चारली की राजघराणी, सरदार, शास्त्री-पंडित आणि त्यांचे ग्रंथसंग्रह यांचा इतिहास ओघानेच येतो. मात्र या लेखनाचा सूर बहुधा दोहोंपैकी एक असतो. एक अभिमानाचा : मराठी माणूस कोठेकोठे पोहोचला, याचा. दुसरा हळहळीचा : तेथे पोहोचल्यावर त्याच्या पुढच्या पिढीची मराठी कशी मोडकी झाली, याचा. या दोन्ही सुरांत एक व्यक्ती सहसा सापडत नाही. ती म्हणजे अशा घरात वाढणारे मूल. अभिमानाच्या इतिहासात त्याने अजून काही केलेले नसते, म्हणून त्याचा उल्लेख नसतो; हळहळीच्या इतिहासात त्याचा उल्लेख असतो तो केवळ नुकसानीचा पुरावा म्हणून. त्या मुलाला स्वतःला काय दिसते, दोन भाषांच्या मधल्या जागेत उभे राहून ते जग कसे मांडते, हा प्रश्न मराठी समीक्षेने आपला मानलेला नाही, आणि ही उणीव किरकोळ नाही.

हा प्रश्न तपासण्यासाठी लखनौ हे शहर विशेष सोयीचे आहे. इंदूर-ग्वाल्हेरप्रमाणे तेथे मराठी राज्यसत्ता नव्हती. काशीप्रमाणे मराठी शास्त्र्यांच्या घाटाकाठच्या वस्तीची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपराही नव्हती. पेशव्यांचे ब्रह्मावर्त तेथून फार दूर नाही, तथापि लखनौ नवाबांचे, उर्दूचे, अदबीचे शहर. तेथे मराठी माणूस आला तो सत्तेच्या आधाराने नव्हे, तर हातातल्या विद्येच्या किंवा व्यवसायाच्या आधाराने. त्यामुळे मूल आणि शहर यांच्यामध्ये दरबार, वाडा, संस्थानी शाळा अशी कोणतीही भिंत राहिली नाही. मूल थेट गल्लीत उतरले.

यांपैकी विद्येच्या आधाराने आलेल्यांची कथा सर्वश्रुत आहे. 1926 साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने आणि राय उमानाथ बली, राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने लखनौत मॅरिस कॉलेज सुरू झाले. 1966 साली राज्य शासनाने ते ताब्यात घेतल्यावर त्याला भातखंडे यांचे नाव मिळाले आणि आज ते विद्यापीठ आहे. हिंदुस्थानी संगीताच्या शास्त्राची जी मांडणी तेथे शिकविली जाऊ लागली, तिचा आधारभूत ग्रंथ ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ मूळ मराठीत, गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेला आहे, हे उत्तरेकडील अनेक विद्यार्थ्यांना ठाऊकही नसते. त्यांच्यापर्यंत तो हिंदी रूपात पोहोचला. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे मुंबईचे. त्यांनी दीर्घकाळ या संस्थेचे प्राचार्यपद सांभाळले आणि ‘सुजान’ या मुद्रेने बंदिशी रचल्या. त्यांचे शिष्य के. जी. गिंडे हे बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलचे. ते वयाच्या अकराव्या वर्षी लखनौला गुरुगृही आले. कन्नड-मराठी सीमेवरच्या गावातून आलेला मुलगा, मुंबईचा गुरू, उर्दूचे शहर आणि ओठांवर ब्रजभाषेतील बंदिश. भाषांची इतकी गर्दी असूनही गिंडे कोणत्या संस्कृतीचे, असा प्रश्न त्यांच्याविषयी कोणी गंभीरपणे विचारलेला दिसत नाही. याचे कारण संगीताने त्यांना एक तिसरे घर दिले होते. गायकाची ओळख त्याच्या घराण्यावरून, गुरूवरून, गळ्यावरून होते. घरी कोणती भाषा बोलत होता हा तपशील चरित्राच्या पहिल्या पानावर येऊन संपतो.

व्यवसायाच्या आधाराने आलेल्यांना असे तिसरे घर मिळाले नाही, आणि म्हणूनच त्यांची मुले या चर्चेच्या केंद्रस्थानी यावयास हवीत. सांगली जिल्ह्यातील खानापूर-विटे, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडील माण-खटाव हा पर्जन्यछायेचा टापू. पावसाने पाठ फिरवावी आणि माणसाने मुलूख सोडावा, ही तेथली जुनी रीत. त्यातून गलाईचा व्यवसाय हाती घेतलेली कुटुंबे देशभरच्या सराफ बाजारांत विखुरली. लखनौच्या चौकातील सराफाही त्याला अपवाद नाही. गलाई म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणे. जुना दागिना, मोड, सोनाराच्या दुकानातील धूळ यांतून धातू काढावयाचा. मूस, भट्टी आणि तेजाब हा त्याचा संसार. धूर आणि आम्लाची वाफ सोसत, अरुंद खोलीत, बहुधा नातलगांच्याच हाताखाली शिकलेले हे काम. शेतकरी कुळातील माणसाने परमुलखात जाऊन सोने वितळवावे, ही गोष्टच मोठी विलक्षण आहे. पण आर्थिक इतिहासकारांपलीकडे तिचे कोणाला फारसे कुतूहल वाटलेले नाही.

या धंद्याचा भाषेशी असलेला संबंध लक्षात घेतला पाहिजे. सराफ आपले सोने ज्याच्या हाती देतो, त्याच्या शब्दावर त्याला विसंबावे लागते. वजनात किती घट आली, कस किती उतरला, हे गलाईवाला सांगतो आणि ऐकणारा ते मानतो. सारा व्यवहार विश्वासाचा, म्हणजेच बोलण्याचा आहे. त्यामुळे पहिल्या पिढीतील माणूस लखनवी बोली शिकतो ती धंद्यापुरती, पण चोख. त्याची हिंदी दुकानाची असते. भाव, तोळा, उधारी, उद्याचा वायदा एवढ्या परिघात ती फिरते. त्याच्या मुलाची हिंदी मात्र शाळेची, पतंगांची, गल्लीतील भांडणांची, परीक्षेतील निबंधांची असते. बाप त्या भाषेत व्यवहार करतो, मूल त्या भाषेत स्वप्ने पाहते. आणि संध्याकाळी दोघे घरी येतात तेव्हा समोर जी मराठी असते ती पुस्तकांची नव्हे, माणदेशाची. तिच्यात छापील मराठीचा आधार कमी; तिचा आधार आजीचा आवाज, ओव्या, यात्रेच्या आठवणी आणि दरवर्षी नसली तरी दोन-तीन वर्षांनी होणारी गावाची वारी.

मातृभाषा हा शब्द येथे अक्षरशः खरा ठरतो. अशा कुटुंबांत सून पुष्कळदा मुलखातून येते आणि प्रत्येक लग्नासरशी घरात ताज्या मराठीची भर पडते. बापाची मराठी वीस वर्षांपूर्वीच्या गावाजवळ थांबलेली असते, आईची मराठी परवापरवापर्यंत गावात नांदत होती. एकाच घरात एकाच बोलीचे दोन काळ नांदतात, असे म्हटले तरी चालेल. ज्या पिढीत सूनही लखनौ, कानपूर किंवा आग्र्याला वाढलेली येईल, त्या पिढीत ही साखळी आपोआपच वेगळी होईल. भाषेच्या ऱ्हासाची चर्चा करणाऱ्यांनी शाळेपेक्षा या साखळीकडे अधिक लक्ष दिले असते तर बरे झाले असते. पण स्वयंपाकघरातील भाषा हा विद्वानांचा विषय उशिराच होतो.

आता त्या मुलाच्या बोलण्याकडे वळावे, कारण या प्रश्नाचे सर्वांत मोलाचे साधन तेच आहे. लखनौत लहान मुलाने आईला ‘आप’ म्हणावे हा साधा शिष्टाचार. ‘तू’ हा शब्द तेथे उर्मटपणाच्या अगदी जवळ जातो. मराठी घरात मूल आईला ‘तू’ म्हणते आणि त्यात जिव्हाळ्याखेरीज काही नसते. शेजारचा मित्र घरी आला असता मुलाने स्वयंपाकघराकडे पाहून ‘आई, तू इकडे ये’ म्हटले, तर मित्राच्या कानाला तो अपमान वाटतो, आणि मित्राचा चेहरा पाहून मुलाला प्रथमच कळते की आपल्या मायेच्या शब्दाला बाहेर वेगळा अर्थ आहे. तेथून पुढे ते मूल मित्रांदेखत आईशी बोलताना वाक्ये अशी रचू लागते की त्यांत सर्वनामच येऊ नये. ‘पाणी मिळेल का?’, ‘बाहेर जाऊ का?’ या वाक्यांना व्याकरणाची चूक म्हणता येणार नाही. ही एका लहान माणसाने दोन शिष्टाचारांमध्ये शोधलेली वाट आहे. ‘बाई’ या शब्दाचेही तसेच. मराठीत शिक्षिकेलाही आदराने बाई म्हणतात आणि आजीच्या नावापुढे तो शब्द सहज येतो. लखनौच्या स्मृतीत ‘बाई’ला कोठ्याचा, मैफिलीचा वास आहे. आजीचे पूर्ण नाव वर्गात सांगताना मुलाने ते अर्धेच सांगितले, तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

शब्दांचे फसवे साम्य हा तर नित्याचाच अनुभव. मराठीत ‘शिक्षा’ भोगावयाची असते, हिंदीत ती घ्यावयाची असते. ‘चेष्टा’ मराठीत दुसऱ्याची करतात, हिंदीत स्वतः करावयाची असते. पुस्तक मराठीत नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. त्यामुळे ‘ती पुस्तक’ हा प्रयोग अशा घरांत कानी पडतो, आणि पुण्याहून आलेला पाहुणा नेमका तोच उचलून हसतो. हिंदीत दोनच लिंगे, मराठीत तीन; तिसरे लिंग ज्या भाषेत जपावयाचे ती दिवसातून तीन-चार तासच कानांवर पडते, हे पाहुण्याच्या लक्षात येत नाही.

या सर्वांहून सूक्ष्म आणि अधिक अर्थपूर्ण बाब प्रथमपुरुषाची आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन अनेकवचनी शब्द आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा वगळलेला असतो, ‘आपण’मध्ये तो सामावलेला असतो. हिंदीत हा भेद नाही. ‘हम’ दोन्ही कामे करतो. त्यातही लखनौ-अवधकडे माणूस स्वतः एकट्याविषयी बोलतानाही ‘हम’ म्हणतो. म्हणजे जे मूल गल्लीत ‘हम जा रहे हैं’ म्हणत एकटेच खेळावयास जाते, त्याला घरी आल्यावर तीन दारांपैकी एक निवडावे लागते : मी, आम्ही की आपण? मराठी बोलताना समोरच्याला आत घ्यावयाचे की बाहेर ठेवावयाचे, याचा निर्णय प्रत्येक वाक्यात करावा लागतो. लखनौच्या मित्रांविषयी घरी सांगताना ते मूल ‘आम्ही’ म्हणाले तर त्या शब्दात मित्र येतात आणि आईबाप बाहेर राहतात. गावी चुलतभावांपुढे ‘आम्ही’ म्हणाले तर लखनौचे घर आत येते आणि चुलतभाऊ वगळले जातात. ‘आपण’ म्हणावे तर नेमक्या कोणाला धरून? दोन संस्कृतींमध्ये वाढणे म्हणजे काय, याची व्याख्या करू पाहणाऱ्यांनी हा एक सर्वनामभेद डोळ्यांपुढे ठेवला तरी पुष्कळ आहे. ज्या मराठीला मोडकी म्हटले जाते, तिच्यातील ‘आम्ही’-‘आपण’ची अदलाबदल पुष्कळदा केवळ अज्ञानातून नव्हे, तर खऱ्याखुऱ्या संभ्रमातून होते. तो संभ्रम वाङ्मयाचा विषय आहे.

हा संभ्रम केवळ व्याकरणाचाही नाही. 2008 साली मुंबईत उत्तर भारतीयांविरुद्ध आंदोलन झाले, तेव्हा लखनौच्या शाळेतील मराठी आडनावाच्या मुलाकडे वर्गाने कोणत्या नजरेने पाहिले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. ज्याने मुंबई पाहिलेलीही नसेल त्याला मुंबईचा जाब द्यावयाचा; आणि सुटीत गावी गेल्यावर त्याच मुलाच्या उच्चारांवरून त्याला ‘भय्या’ म्हणून चिडवावयाचे. याच्या उलट बाजूस जौनपूर-प्रतापगडहून मुंबईत आलेल्या कुटुंबांची, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकणारी मुले आहेत. ती घरी अवधी किंवा भोजपुरी बोलतात, वर्गात मराठी कविता पाठ म्हणतात, आणि ‘आम्ही’-‘आपण’ची कसरत त्यांनाही करावी लागते, फक्त विरुद्ध दिशेने. लखनौच्या चौकातील मराठी मूल आणि मुंबईच्या चाळीतील अवधी मूल ही एकमेकांची खरी समानधर्मी होत. दोघांचीही गणना त्या त्या भाषेच्या अभिमान्यांनी परकी म्हणूनच केली आहे, हे या दोन प्रांतांच्या सांस्कृतिक नेतृत्वाला फारसे भूषणावह नाही.

भारतीय समीक्षेला स्थलांतरितांच्या मुलांचा विषय ठाऊक नाही असे नाही. झुंपा लाहिरी यांची ‘द नेमसेक’ ही 2003 सालची कादंबरी इंग्रजी विभागांत सर्वत्र अभ्यासली जाते. लखनौच्याच अतिया हुसेन 1947 साली इंग्लंडमध्ये राहिल्या, आणि 1961 साली प्रसिद्ध झालेली त्यांची कादंबरी आता स्थलांतरिताच्या स्मृतीचे वाङ्मय म्हणून मान्यता पावली आहे. हे योग्यच आहे. पण ज्या स्थलांतराला पारपत्र लागत नाही ते समीक्षेला जणू दिसतच नाही. विट्याहून लखनौला गेलेले कुटुंब देशांतर करीत नाही, म्हणून त्याच्या मुलाचा अनुभव ‘प्रादेशिक’ ठरतो. बोस्टनला गेलेल्या कुटुंबाच्या मुलाचा तोच अनुभव ‘जागतिक’ ठरतो. लिपी एक, सण थोडेफार एक, देव एक, मग अंतर कसले, असा सोयीचा युक्तिवाद यामागे आहे. वस्तुतः समान लिपीमुळे अंतर कमी होत नाही, ते लपते.

मराठी वाङ्मयेतिहासाने या अनुभवातून निर्माण झालेल्या माणसांची नोंद घेतली आहे, पण ती माणसे म्हणून. तो अनुभव म्हणून नव्हे. सखाराम गणेश देउस्कर हे मराठी कुळातील, देवघर परिसरात वाढलेले. त्यांनी ‘देशेर कथा’ हे 1904 सालचे गाजलेले पुस्तक बंगालीत लिहिले. त्याचा हिंदी अनुवाद ‘देश की बात’ केला बाबूराव विष्णू पराडकर यांनी. पराडकर काशीत जन्मलेले, मराठी घरातले, नात्याने देउस्करांचे भाचे, आणि पुढे ‘आज’चे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेचे एक शिल्पकार. मराठी मामाचे बंगाली पुस्तक मराठी भाच्याने हिंदीत नेले; या सर्व प्रवासात मराठी भाषा कोठेच उतरली नाही, तरी ती कोठेतरी घरात बोलली जात होती. या घटनेत अभिमान बाळगण्यासारखे काही असेलही. परंतु अभ्यासकाला अधिक मोलाचा प्रश्न हा की त्या घरातील मराठीने त्या बंगालीला आणि त्या हिंदीला काय दिले. या प्रश्नाला हात घालावयाचा तर तिन्ही भाषा जाणणारा अभ्यासक हवा, आणि आपल्या विद्यापीठीय विभागांची रचना अशी आहे की असा अभ्यासक प्रत्येक विभागात पाहुणा ठरतो.

मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण याहून बोलके. एकाच घरात, एकाच आईबापांपोटी, ग्वाल्हेर-उज्जैनच्या परिसरात वाढलेले दोन भाऊ. थोरल्या गजानन माधव यांनी हिंदी निवडली आणि 1964 साली प्रसिद्ध झालेल्या ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ने हिंदी कवितेला वेगळे वळण दिले. धाकट्या शरच्चंद्रांनी मराठी निवडली आणि मराठी कवितेत, कादंबरीत व सौंदर्यविचारात आपले स्थान निर्माण केले. दोन्ही साहित्यांनी आपापला भाऊ घेतला आणि वाटणी पूर्ण झाली. जणू त्या घरात मध्यभागी एक भिंत होती! एका भावाच्या हिंदीत मराठी वाक्याची ठेवण कोठे जाणवते, दुसऱ्याच्या मराठीत माळव्याची हिंदी कोठे झिरपते, हे शोधल्याखेरीज त्या घराचे खरे वाङ्मयीन चरित्र लिहिले जाणार नाही.

लखनौ या शहराला हा वाद नवीन नाही, उलट त्याने तो फार आधी आणि फार कडवटपणे अनुभवला आहे. काश्मिरातून येऊन अवधमध्ये स्थिरावलेल्या पंडित कुटुंबांचा लखनौत काश्मिरी मोहल्ला वसला. त्या समाजातून दयाशंकर नसीम आले. ‘फसाना-ए-आझाद’ लिहिणारे रतननाथ सरशार आले. ब्रजनारायण चकबस्त आले. काश्मिरी भाषा त्यांच्या लेखणीतून उतरली नाही. उर्दू हीच त्यांची वाङ्मयभाषा. तरीही नसीम यांच्या निधनानंतर सुमारे साठ वर्षांनी, 1905 साली, चकबस्तांनी ‘गुलजार-ए-नसीम’ या मसनवीची नवी आवृत्ती सिद्ध केली तेव्हा अब्दुल हलीम शरर यांनी तिच्या भाषेतील दोष दाखवून दिले आणि तिच्या कर्तृत्वाचे श्रेय नसीम यांचे उस्ताद आतिश यांच्याकडे वळवू पाहिले. चकबस्तांनी उत्तरे दिली, ‘अवध पंच’ त्यांच्या बाजूने उतरला, आणि वाद इतका पेटला की उर्दू साहित्याच्या इतिहासात तो एक स्वतंत्र प्रकरण होऊन बसला. वादातील मुद्दे वाक्प्रचारांचे आणि छंदांचे होते. पण तळाशी प्रश्न एकच होता, की बाहेरून आलेल्यांच्या मुलानातवांना शहराची भाषा आपली म्हणता येते काय?

यातील खरी गंमत पुढे आहे. लखनवी भाषेचे राखणदार म्हणून उभे राहिलेले शरर स्वतः कोठे वाढले? 1856 साली वाजिद अली शाह यांना पदच्युत करण्यात आले आणि ते कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे राहिले; तेथे त्यांच्याभोवती एक लहानसे लखनौ उभे झाले. शरर यांचे वडील त्या दरबाराच्या सेवेत होते, आणि शरर बालपणीच तेथे जाऊन तारुण्यापर्यंत राहिले. म्हणजे त्यांची लखनवी संस्कृती हीसुद्धा बंगालच्या भूमीवर, विस्थापितांच्या वस्तीत घडली. पुढे ‘गुजिश्ता लखनौ’ ज्या जिव्हाळ्याने त्यांनी लिहिले, त्या जिव्हाळ्याचे एक मूळ या दुराव्यात शोधले तर वावगे होणार नाही. भाषेच्या शुद्धतेचा कैवारी आणि भाषेत नव्याने आलेला, दोघेही एकाच अनुभवाची लेकरे निघतात.

काश्मिरी पंडितांना लखनौने शेवटी सामावून घेतले. बंगाल्यांनी दुसरा मार्ग धरला. 1902 पासून लखनौत वकिली करणाऱ्या अतुलप्रसाद सेन यांनी ठुमरीचा रंग बंगाली गाण्यात उतरविला. प्रवासी बंग साहित्य संमेलनाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता, आणि 1923 साली काशीच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद रवींद्रनाथांनी भूषविले. बंगालीत ‘प्रवासी’ हा शब्द या अनुभवाला लाभला. त्यात घराबाहेर असणे आणि बंगाली असणे या दोहोंची कबुली आहे. मराठीचा शब्द ‘बृहन्महाराष्ट्र’. तो भौगोलिक आणि काहीसा विस्तारवादी आहे. मोजपट्टीचे एक टोक कायम महाराष्ट्रात रोवलेले. त्या शब्दात राहणाऱ्या मुलाला आपण मूळ केंद्रापासून किती अंतरावर आहोत एवढेच कळते, आपण कोठे आहोत हे कळत नाही. संमेलने दिल्लीला 1954 साली आणि पुन्हा 2025 साली भरली, 2024 साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंदाच्या या सर्व प्रसंगी महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाचा गौरव ‘दुवा’ म्हणून होतो. दुव्याचे काम दोन वस्तू जोडण्याचे असते. त्याला स्वतःचे काही सांगावयाचे असेल ही शक्यता त्या रूपकात बसत नाही.

लखनौतील ज्या लेखकाने ही शक्यता खरी करून दाखविली, तो मराठी नव्हता. अमृतलाल नागर गुजराती नागर कुळातले, 1916 साली आग्र्यात जन्मलेले, आणि लखनौच्या चौकात आयुष्य काढलेले. ‘बूँद और समुद्र’ या 1956 सालच्या कादंबरीत त्यांनी चौकातील बोली, बायकांची भांडणे, गल्ल्यांचे स्वभाव ज्या अधिकाराने उभे केले तो अधिकार कोणाही मूळ लखनवीचा असावा तसा आहे. बाहेरच्या कुळातून आलेल्या कानाला शहराची बोली अधिक स्पष्ट ऐकू येते, असे येथे म्हणावेसे वाटते. आणि याच नागरांनी विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चा हिंदी अनुवाद ‘आँखों देखा गदर’ या नावाने केला. वरसईच्या एका गरीब भिक्षुकाची सत्तावन्न सालची मराठी हकीकत लखनौच्या वाचकाला गुजराती कुळातील हिंदी लेखकाने दिली. चौकात, त्याच नागरांच्या शेजारपाजारच्या गल्ल्यांत, गलाईच्या भट्ट्यांजवळ वाढणाऱ्या मराठी मुलाला गोडसेभटजी वाचावयाचे असतील, तर बहुधा तो ते नागरांच्या हिंदीतच वाचील. यात शोक करण्यासारखे काही नाही; फक्त मराठीच्या अभ्यासक्रमांत या वाचकाची नोंद कोठे होते, हे विचारावयास हवे.

येथे एक योगायोग मन अस्वस्थ करणारा आहे. गलाईवाल्यांचा आटपाडीचा मुलूख हाच व्यंकटेश माडगूळकरांचा मुलूख. ‘माणदेशी माणसं’ आणि 1955 सालची ‘बनगरवाडी’ यांनी तो मराठी वाङ्मयाच्या नकाशावर कायमचा कोरला. ‘बनगरवाडी’चा शेवट दुष्काळाने होतो, माणसे वाडी सोडून जातात आणि वाडी ओस पडते. मराठी वाचकाच्या मनात ती माणसे क्षितिजाआड गेली ती गेलीच. ती कोठे पोहोचली, त्यांच्यासारख्यांची मुले कोणत्या शहरात कोणत्या भाषेत मोठी झाली, याचा पाठपुरावा ग्रामीण साहित्याच्या चळवळीनेही केला नाही. ग्रामीण साहित्याने गाव सोडून शहराकडे जाणारा माणूस रंगविला. पण ते शहर मुंबई-पुणे असावे आणि त्याने बोललेली भाषा मराठीच असावी, ही अट न सांगता पाळली गेली. लखनौला गेलेला माणदेशी मुलगा ग्रामीणही नाही, नागरही नाही, आणि दलित साहित्याने किंवा स्त्रीसाहित्याने निर्माण केलेल्या नव्या कक्षांतही तो बसत नाही. त्याच्या आजोबांचा मुलूख पाठ्यपुस्तकात आहे; त्याचा स्वतःचा मोहल्ला नाही.

काही उपाय तरी सुचवावयास हवेत, आणि ते फार अवघड नाहीत. राज्यघटनेच्या 350-क या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे अशी तरतूद 1956 सालच्या दुरुस्तीने झाली आहे. पण विखुरलेल्या थोड्या कुटुंबांसाठी ती व्यवहारात उतरणे दुरापास्त, आणि उत्तर प्रदेशातील शाळांत त्रिभाषासूत्राची तिसरी जागा बहुतांशी संस्कृतने भरून निघाली. तेव्हा शाळेवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. जनगणनेच्या तक्त्यातही मातृभाषेसाठी एकच रकाना असतो आणि इतर भाषा त्याखाली दुय्यम म्हणून येतात. घरातील सर्वनामांची कसरत त्यात कोठून मावणार? हे काम विद्यापीठांतील भारतीय भाषांच्या विभागांचेच आहे. लखनौ, कानपूर, आग्रा, कलकत्ता येथील गलाई कुटुंबांतील मुलांचे बोलणे ध्वनिमुद्रित व्हावे, ते शुद्ध करून न घेता. जुनी पत्रे, वहीखाती, गावाकडे पाठविलेल्या मनीऑर्डरींवरील मजकूर हे गोळा व्हावे. त्यांतील मराठी जसजशी हिंदीकडे सरकत जाते तो आलेख हाच एक प्रबंध होईल. मराठी आणि हिंदी विभागांनी अशा प्रबंधाला संयुक्त मार्गदर्शक द्यावा, आणि प्रबंध कोणत्या भाषेत लिहावा याची सक्ती करू नये.

आणखी एक गोष्ट यापुढे घडणार आहे, तिची तयारी आजच हवी. गलाईवाल्यांच्या घरांतील शिकलेली पिढी आता लिहिण्याच्या वयात आली आहे. तिच्यातून एखादा लेखक किंवा लेखिका भट्टी, चौक, विट्याची एस.टी. आणि आईला ‘तू’ म्हणण्याची लाज यांवर कादंबरी लिहील, तेव्हा ती बहुधा हिंदीत लिहील. प्रचलित रीतीप्रमाणे ती हिंदी विभागाच्या यादीत जाईल. मराठीत तिचा अनुवाद झालाच तर तो ‘अनुवादित साहित्य’ या वैकल्पिक पत्रिकेत पडेल. त्या कादंबरीला मराठीच्या मुख्य अभ्यासक्रमात जागा द्यावयाची काय, हा प्रश्न अभ्यासमंडळापुढे येईल आणि ‘पण ही मराठी कोठे आहे?’ असा आक्षेप कोणीतरी घेईल. तिच्या संवादांतील ‘हम’ कोठे ‘आम्ही’ आहे आणि कोठे ‘आपण’ आहे, हे ज्याला वाचता येईल असा वाचक मराठीच्याच वर्गात बसलेला असेल. तेव्हा ती तेथेच शिकविली जावी.